बायनं आधी खाल्लेला तांदूळ

पावावर बुरशी दिसली की लोक पाव फेकतात. मी त्याच बुरशीच्या जिवावर बेलवलीत फ्लॅट घेतला, मुलीला शिकवलं आणि नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशनही केलं. त्यामुळे बुरशीला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. मागे सोसायटीच्या हळदीकुंकवात एका बाईनं विचारलं, "तुम्ही कंपनीत नेमकं काय करायचात हो?" मी म्हटलं, "बुरशी पाळायचे." तिनं माझ्या हातचा तिळगूळ घेतला, पण खाल्ला नाही. पर्समध्ये ठेवला.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती, अजूनही आहे. फळांचा रस गाळणाऱ्या कारखान्यांना एक एन्झाइम लागतं. गढूळ रस त्यानं नितळ होतो. हे एन्झाइम माणसाला बनवता येत नाही, एक काळी बुरशी ते बनवते. तिला मोठ्या टाकीत गोडाधोडाचं पाणी द्यायचं, हवा द्यायची, ती वाढते आणि एन्झाइम पाण्यात सोडते. आम्ही ते गाळून विकतो. सगळा धंदा एवढाच. पण "एवढाच" म्हणणाऱ्यानं एक आठवडा माझ्या खुर्चीत बसून दाखवावं.

टाकी मोठी असली तरी सुरुवात मुठीएवढ्या तांदळापासून व्हायची. फ्रीजमध्ये एका काचेच्या कुपीत मूळ वाण झोपलेलं असायचं. ते तांदळावर पेरायचं. आठ दिवसांत तांदूळ काळ्या तिळासारखा झाला की समजायचं, बीजाणू तयार झाले. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी. ते धुऊन लहान टाकीत, तिथं दाट वाढ झाली की मोठ्या टाकीत. या तांदळापासून लहान टाकीपर्यंतच्या कामाला सीड रूम म्हणत. तिची प्रमुख मी, आणि माझा उजवा हात नामदेव.

नामदेव बदलापूरच्या पुढच्या एका गावचा, आगरी. घरची भातशेती. शिक्षण दहावीपर्यंत, पण भात शिजवण्यात त्याचा हात कुणी धरू शकणार नाही. तांदूळ भिजवायचा, अर्धाकच्चा शिजवायचा, काचेच्या फ्लास्कमध्ये भरायचा, कापसाचं बूच लावायचं आणि कपाटाएवढ्या प्रेशर कुकरमध्ये वाफेला लावायचा. दाणा दाण्याला चिकटला की बुरशीला हवा मिळत नाही. नामदेवचा दाणा कधी चिकटला नाही. बुरशीला तो "बाय" म्हणायचा. सकाळी आला की दार उघडून आधी विचारायचा, "काय बाय, बरी हाय ना?" पुढे पुढे मीही बायच म्हणू लागले. मालकांना पाठवायच्या रिपोर्टात एकदा चुकून तसंच लिहून गेले.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कंपनी जो तांदूळ पुरवायची तो पॉलिशचा, शिजला की लगदा. एकदा वैतागून नामदेवनं घरचा जाडा, कमी पॉलिशचा तांदूळ आणला. बाय त्यावर अशी उठली की विचारू नका. तेव्हापासून आमचं गुपचूप ठरलं. कागदावर कंपनीचा तांदूळ, फ्लास्कमध्ये नामदेवच्या शेतातला. दर वर्षी कापणी-झोडणी झाली की तो आधी एकच गोण भरडून आणायचा आणि त्यातला एक डबा कंपनीत यायचा. "पयला मान बायला," म्हणायचा. घरात मात्र गावदेवीच्या जत्रेत नैवेद्य होईपर्यंत नवा तांदूळ कुणी तोंडात घालत नसे. मी त्याला चिडवायचे, "अरे, देवीच्या आधी बुरशीला? पाप लागेल हं." तो म्हणायचा, "बाय कुठं जेवते म्याडम? ती तं नुस्ती वाढते."

हे मी कागदावर आणायला हवं होतं. एक साधा अर्ज, एक तपासणी, झालं असतं. पण आपलं चाललंय ना बरं, मग कशाला नसती झंझट, असा माझा खाक्या. वर मी मुलांना प्रशिक्षण देताना "जे लिहिलं नाही ते घडलंच नाही" असं घोकून घ्यायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

निवृत्तीला चार-पाच वर्षं असतील. त्या वर्षी नवा तांदूळ आला आणि बाय आजारी पडली.

पहिल्या फ्लास्कात तांदूळ काळा झालाच नाही. काही दाणे छान काळेभोर, मधेच काही दाणे टक्कल पडल्यासारखे पांढरे. मी म्हटलं, वाफ नीट लागली नसेल. जे बीजाणू मिळाले ते लहान टाकीत टाकले. दोन दिवसांत जी टाकी पिठल्यासारखी दाट व्हायची, ती ताकासारखी पातळच राहिली. ओतून दिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मोठ्या टाक्या धुऊन पुसून रिकाम्या उभ्या.

आमचे मालक हिरूसेठ. उल्हासनगर कॅम्प चारचे सिंधी. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान, यांनी हट्टानं कारखाना काढला. माणूस दिलदार, पण तोंड सुटलं की आवरत नसे. तिसरी टाकी ओतल्यावर स्वतः सीड रूमच्या दारात आले.

"मॅडम, ये क्या चल रहा है? आपका वाण बूढ़ा हो गया क्या?"

"बघतेय सर. वाण म्हातारं नाही वाटत."

"तो फिर हाथ गंदा है किसी का." त्यांनी नामदेवकडे पाहिलं. नामदेव तंबाखू खायचा, हे साऱ्या कंपनीला ठाऊक. "साईं, ये तंबाखूवाले हाथ से घास उगेगा, बुरशी नहीं. सुनो मॅडम. शुक्रवारपर्यंत टाकी लागली तर ठीक. नाहीतर सीड रूम बंद. रेडी बीज बाहेरून मागवू, आणि याला रजा."

नामदेव खाली मान घालून उभा होता. मी तिथं बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की हात स्वच्छ आहेत, आणि तांदूळ यंदा नवा आहे, तो आधी तपासू या. पण तांदळाचं नाव काढलं की माझी चोरी उघडी पडणार. मी गप्प बसले. बावीस वर्षं ज्यानं माझं काम सांभाळलं, त्याच्या बाजूनं तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याची लाज आजही वाटते, लिहितानाही वाटते.

सेठ गेल्यावर नामदेव म्हणाला, "म्याडम, मी साबणान हात धुतल्याबिगर आत येतच नाय. गावदेवीची शप्पथ."

"माहितेय रे मला," मी म्हटलं. माहीत होतं, म्हणून तर जास्त लागलं.

दुपारी मायक्रोस्कोप लावला. घाण असती तर दुसरे जंतू दिसले असते. एकही नव्हता. बायच होती, पण ओळखू येईना. तिचे धागे एरवी सरळ रेषेत धावतात. हे आखूड, वळवळीत, गांडुळासारखे. टोकं फुगलेली. मी मोबाइलवर फोटो काढून रेवाला पाठवला. रेवा माझी मुलगी, पुण्यात बुरशीवरच पीएचडी करत होती. आईचं वेड दुसरं कुणाला लागणार?

पाच मिनिटांत तिचा फोन. "आई, कुठलं औषध टाकलंस गं?"

"मी कशाला टाकू औषध? वेड लागलंय का?"

"मग रूळ कुणी उखडले?"

इथं थोडं थांबून सांगते, कारण मीही तोवर हे परीक्षेपुरतंच वाचलेलं. बुरशीचा धागा फक्त टोकाशी वाढतो. भिंत बांधायचा माल मागे तयार होतो, आणि आम्ही जे एन्झाइम विकतो तेही मागेच तयार होऊन टोकाकडूनच बाहेर पडतं. हा माल बारीक बारीक पिशव्यांत बांधलेला असतो. पिशव्या आपोआप पुढे जात नाहीत. त्या वाहून न्यायला धाग्याच्या आत प्रथिनांचे हमाल असतात, त्यांना मोटर प्रथिनं म्हणतात. धाग्याच्या लांबीभर बारीक नळ्यांचे रूळ टाकलेले असतात. त्यावरून कायनेसिन नावाचा हमाल माल घेऊन टोकाकडे जातो, डायनीन नावाचा परतीचा माल घेऊन मागे येतो. अगदी टोकाशी मायोसिन नावाचा तिसरा उभा असतो, तो शेवटची पोचवणूक करतो. हे अखंड चालू असतं, म्हणून धागा सरळ धावतो. रूळ तुटले तर हमाल धडधाकट असून काय उपयोग? माल वाटेत पडून राहतो, टोकाला दिशा कळत नाही, धागा वेडावाकडा फुगतो.

"आम्ही लॅबमध्ये मुद्दाम रूळ तोडून बघतो," रेवा म्हणाली. "चिमूटभर बुरशीनाशक टाकलं की झालं. शेतात भाताच्या करपा रोगावर वापरतात ना, ती पावडर. चित्र डिट्टो तुझ्या फोटोसारखं येतं."

शेतात. करप्यावर. माझ्या डोळ्यांसमोर ते टक्कल पडलेले दाणे आले.

आता बघा आमच्या धंद्याची गंमत. आम्ही आयुष्यभर जंतूंना भितो. तांदूळ वाफेत शिजला, जंतू मेले, की तांदूळ पवित्र. पण वाफेनं जंतू मरतात, हे औषध मरत नाही, बीजाणू धुताना तेही टाकीत उतरतं. बावीस वर्षांत मला हे कधी सुचलं नाही. लांब शिकायला जाऊन दोन डिग्र्या घेतल्या, आणि मान फक्त एकाच दिशेला वळत होती.

लगेच दोन फ्लास्क लावले. एकात कंपनीच्या पॉलिश तांदळाचं धुवण, दुसऱ्यात नामदेवच्या तांदळाचं. दोन्हींत मूळ कुपीतले बीजाणू. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. पहिल्यात धागे सरळसोट, झकास. दुसऱ्यात गांडुळं.

आधी तर मी खुर्चीत बसून हसलेच. वाण म्हातारं झालेलं नव्हतं. बाय ठणठणीत होती. नामदेवचे हात स्वच्छ होते. मी त्याला हाक मारली, दोन्ही दाखवलं आणि विचारलं, "नामदेव, यंदा भाताला करप्याचं औषध मारलंत का?"

"नाय म्याडम. करपा आयलाच नाय. निस्तं पेरताना बेन्याला चोलला होता." तो बोलता बोलता थांबला. "बेना उरलेला."

"उरलेलं बियाणं? कुठे ठेवलं होतं?"

त्या वर्षी नव्या रस्त्यात त्यांच्या शेताचा एक तुकडा गेला होता. पेरा कमी झाला आणि औषध चोळलेलं अर्धी गोण भात उरलं. ते पडवीत तसंच उभं राहिलं. नवं भात घरात आलं तेव्हा त्याच्या वहिनीनं पाहिलं, अर्धी गोण रिकामी कशाला ठेवायची? बाईचा हात काटकसरी. वरून नवं भात भरलं आणि गोण शिवून टाकली. दाराजवळची गोण म्हणून तीच आधी गिरणीत गेली. म्हणून निम्मे दाणे काळे आणि निम्मे पांढरे.

मी सगळं जुळवून खूश होत होते, आणि नामदेवचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

"म्याडम, कंपनीन एकच डबा आनला. बाकीचा तांदूल घरान हाय."

माझं हसू जागच्या जागी गेलं.

"कोण कोण आहे घरात?"

"सगली. आनि परी." परी म्हणजे त्याच्या भावाची नात, सहा महिन्यांची. "तिचा उष्टावण हाय. नव्या तांदलाच्या खिरीन."

"कधी?"

त्याला तारीख आठवेना. काचेची शंभर भांडी त्यानं हाताळली असतील रोज, एक फुटलं नाही. आता त्याला मोबाइलचं बटण दाबता येईना. मी लावून दिला, स्पीकरवर टाकला.

"वैनी, त्या गोनीतला नवा तांदूल शिजवला काय?"

"काय बोलता भावजी?" मागे कोंबड्यांचा आवाज. "जत्रा व्हायच्या आधी नवा तांदूल कसा शिजवीन? याड लागला काय?"

"येक दाना बी नाय?"

"येक दाना बी नाय. परीच्या खिरीला दोन मापटी धुवून वालत घातलाय तेवडाच. जत्रा रविवारी हाय ना."

नामदेव खाली बसला. सीड रूमच्या फरशीवर, जिथं बसायला मीच मनाई केलेली. मी पण त्याच्या शेजारी बसले. तो रडत होता की हसत होता, देव जाणे. मी मात्र दोन्ही करत होते. औषधाच्या पाकिटावर लिहिलेलंच असतं, हे बियाणं माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाऊ देऊ नका. आणि इथं सहा महिन्यांच्या जिवाचा पहिला घास व्हायचा होता. मी वहिनींना फोनवरच बजावलं, वाळत घातलेलंही उचला, कोंबड्यांनाही टाकू नका, खड्डा खणून पुरा. "अवो म्याडम, अन्न हाय तें," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अन्न नाही हो, औषध आहे." मग ऐकलं.

आता उरले सेठ. मी नामदेवला म्हटलं, तू इथंच थांब, आणि एकटी केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. कागदावरचा तांदूळ वेगळा, फ्लास्कमधला वेगळा, आणि ते माझ्या हुकमानं, नामदेवच्या नाही. काल तुम्ही त्याला बोललात तेव्हा मी घाबरून गप्प राहिले, हेही सांगितलं. मग दोन्ही फोटो समोर ठेवून रुळांची आणि हमालांची गोष्ट समजावली.

सेठनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "मतलब माल है, हमाल है, रस्ता नहीं है."

"बरोबर सर."

"मेरे बाप की दुकान में भी ऐसाच. टेंपो बड़े रोड तक आता है, गली में नहीं घुसता. आगे कपड़े का ताका कंधे पे लेके दूसरा हमाल जाता है. एक बार महानगरपालिकेनं रोड खोदला, महिनाभर दुकानात एक ताका आला नाही." ते हसले. "ये आपका आखरीवाला, मायोसिन, गली का हमाल."

इतक्या झटक्यात विषय समजून घेणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. रेवाच्या गाइडलासुद्धा मी हे सांगितलं.

मग सेठ गंभीर झाले. "मॅडम, चोरी केलीत तुम्ही. मेमो देणार." दिलाही. माझ्या नोकरीतला तो एकमेव मेमो, अजून कपाटात आहे. त्यानंतर ते उठून सीड रूमपर्यंत चालत आले, नामदेवसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, काल उलटा बोल गया. माफ करना. लेकिन तंबाखू छोड़." नामदेवनं पहिलं मान्य केलं, दुसरं नाही. तांदळाचे आठ दिवस थांबायला वेळ नव्हता, म्हणून मी मूळ कुपीतलेच बीजाणू थेट लहान टाकीत टाकले, आणि शुक्रवारी ती पिठल्यासारखी दाट लागली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण मी सेठना सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी नामदेव पिशवी घेऊन आला होता. आत सात पुरचुंड्या. घरातल्या उरलेल्या सात गोणींतलं एकेक मूठ भात, हातानं सडून आणलेलं.

"म्याडम, वैनी बोलते, या वर्साला खीरच नको. बाजारचा तांदूल आनू. पन देवीला शेतातला नवाच लागतो. तुमी बायला इचारा."

कंपनीच्या कामात घरचं काम करायचं नाही, असा नियम. मी या वेळी सेठना आधी विचारलं आणि रजिस्टरात लिहिलंही: सात नमुने, नामदेवच्या घरचे. मुंबईच्या एका प्रयोगशाळेतही थोडं थोडं पाठवलं, पण अहवालाला दोन आठवडे लागणार होते आणि जत्रा रविवारी. शुक्रवारी सातही नमुन्यांच्या धुवणात बीजाणू पेरले आणि शनिवारी सकाळी मी आणि नामदेव मायक्रोस्कोपशी बसलो. एकेक काच सरकवत गेले. एक सरळ. दोन सरळ. पाचवीला मी डोळा चोळून दोनदा पाहिलं, नामदेवचा श्वास माझ्या मानेवर. सरळ. सातही सरळ. पुढे आलेला अहवालही तेच म्हणाला.

मी मान वर केली आणि म्हटलं, "जेवा."

रविवारी मलाही बोलावणं होतं. देवळासमोर पाळणे, खेळण्यांची दुकानं, आणि नामदेवच्या अंगणात चुलीवर खीर. नैवेद्य दाखवून झाला. परीला हिरवं परकर-पोलकं घातलं होतं, ती मामाच्या मांडीवर बसून सगळ्यांकडे संशयानं बघत होती. मामानं चांदीच्या वाटीतून पहिला चमचा भरवला. तिनं तोंडात घोळवला, विचार केला, आणि सगळी खीर मामाच्या सदऱ्यावर थुंकली. अंगण हसायला लागलं. मी मात्र उगाच वाटीत वाकून पाहिलं.

नामदेव माझ्या शेजारी उभा होता. त्यानं पुढे वाकून परीचा गाल पुसला आणि तिला म्हणाला, "खा गो पोरी. बायनं आधी खाल्लाय."

दुसरा चमचा तिनं गट्ट केला, आणि वाटीला हात घातला.